चिखल लागलेली गरी

मी गरी बोलतेय. शहरात मला गळ म्हणतात. मिरकरवाड्याच्या केरू तांडेलाच्या होडीवर मी सात वर्षं आहे, आणि आता गप्प राहणं मला जमत नाही.

लोहाराने जाड तार तापवून वाकवली, टोकाला काटा काढला, तो माझा जन्म. केरूने मला दोरीला बांधलं, शिशाचं वजन लावलं, तारली नावाची छोटी जिवंत मासळी टोचली आणि दूर समुद्रात सोडलं. तिथे पाण्याखाली खडकाचा एक कडा आहे. केरू त्याला ‘पायरी’ म्हणतो. पायरीच्या काठाने कुपा, म्हणजे टूना मासा, फिरतो. माझं वजन टणकन दगडावर आपटलं की केरू मला दोन वाव, म्हणजे दोन पुरुष उंची, वर ओढायचा. मग कुप्याचा असा हिसका बसायचा की केरूच्या तळहाताची साल निघायची, आणि तो हसायचा!

ही पायरी दुसऱ्या कुणाला सापडत नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्या खुणा एकापुढे एक आल्या की इंजिन बंद करायचं, हे केरूच्या बापाने त्याला मरताना सांगितलं. खूण तोंडातून गेली की जागा वांझ होते म्हणे! जोडीदार लवू वीस वर्षं होडीवर आहे, पण तिथे पोचताना तोही पाठ फिरवून बसतो.

गेल्या दिवाळीपासून माझं वजन आपटतच नाही. मऊ चिखलात रुततं. केरू म्हणतो, “कुपा गेला. मोठ्या जाळ्यांनी नेला.” लवू मान डोलावतो. अरे, कुपा तिथेच आहे, तूच चुकतोयस! तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, किनाऱ्यावरच्या खुणा नीट दिसत नाहीत. लवूलाही ते दिसतं, पण थोरल्याला सांगणार कोण?

परवा केरू आणि लवू शेजारी असताना केरूची मुलगी वेदिका मला धुवायला बसली. मत्स्यविज्ञान शिकलेली पोरगी. माझ्या वाकातला काळा गाळ तिने नखाने काढला.

“बाबा, पायरी दगडाची ना? मग गरीला चिखल कसा?”

“समुद्र हाय तो. चिखल नाय तर काय बासुंदी लागणार?”

“लवूकाका, तुम्ही सांगा.”

“माझी पाठ असते गो तिकडं.”

“असू दे पाठच! बाबा, मी येते होडीवर. तुम्ही खुणा सांगा, मी बघते, फोनमध्ये जागा धरून ठेवते.”

“आणि वांझ झाली तर?”

“झालीच आहे की! आणखी काय व्हायचंय?”

केरूने तिच्या नखावरचा गाळ बोटाने चाचपला. मग हळूच म्हणाला, “दीपगृहाच्या डाव्या अंगाला...” आणि लगेच जीभ चावली, दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, उठून गेला.

आता मी खिळ्याला टांगलेली आहे. टोकावर गंज धरतोय. केरू, मी गंजले तर बाजारात दुसरी मिळेल. ती पायरी मात्र फक्त तुझ्या डोक्यात आहे. बापाने शेवटच्या श्वासाला सांगितली म्हणून तूही तोवर थांबणार? मला दगड ओळखू येतो, पण वाट दाखवता येत नाही. तुला तोंड आहे, समोर पोरगी उभी आहे. डाव्या अंगाला काय, केरू? बोल ना!