एकशे त्र्याऐंशी दिवस

धाकट्याची कंपनी एका देशात, ताईचं घर दुसऱ्यात. त्याने ताईच्या मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला होता. पगार तिकडे जमा, करही तिकडेच कापला जाई. म्हणजे इथल्या सरकारचा आपल्याशी संबंध नाही, असं तो छातीठोकपणे सांगे.

करसल्लागाराने त्याची हवा काढली. "पगार कुठे पडतो ते राहू द्या. लॅपटॉप कुठे उघडता? वर्षात इथे एकशे त्र्याऐंशी दिवस भरले की पहिल्या दिवसापासूनचा पगार इथे दाखवायचा. तिकडे कापलेलं वजा होईल, फरक तुमच्या खिशातून." त्याने नियमांचा छापील कागद दिला.

फरक दोन पगारांएवढा निघाला. धाकट्याने बोटांवर दिवस मोजले, एकशे एकोणऐंशी. तीन दिवसांत निघायला हवं. आणि ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन सहाव्या दिवशी. तिला दुसरं कोण होतं?

घरी त्याने थाप मारली, "कंपनी बोलावतेय बहुतेक."

"बरं," ताई म्हणाली. बँकेत तीस वर्षं कॅशियर होती, जास्त बोलायची सवय नव्हती.

दोन दिवस तो तिकिटाचं पान उघडून बंद करत राहिला. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "ताई, मी थांबतोय. कर बसेल, बसू दे."

ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढे ठेवलं. तो घरी असला की दूध जास्त लागे, त्या तारखांवर तिच्या खुणा होत्या.

"मोज."

एकशे पंच्याऐंशी.

"माझे तर एकशे ब्याऐंशी."

"आलास तो दिवस सोडलास. मध्ये ऑफिसला जाऊन आलास, ते जायचे-यायचे दोन सोडलेस. दिवसाचा तुकडाही अख्खा धरतात, तू लॅपटॉपजवळ टाकलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला आहे. तू मागची बाजू वाचतोस कुठे? परवाच भरले तुझे."

धाकट्याचा चहा निवला. "मग बोलली का नाहीस?"

"तू काय ठरवतोस ते बघत होते."

"आणि गेलो असतो तर?"

"जाऊ दिलं असतं. विमानात बसलास की फोन करून सांगितलं असतं."

तो हसला, जरा उशिरानेच. ताईने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवली. डोळ्यात थेंब, दिवसातून चार वेळा, एकवीस दिवस.

"हे तू मोजायचंस," ती म्हणाली. "आणि पहिला दिवस धर."