झाडूतून निघालेली तार

मित्रांनो, मी एक जुनी, गंजलेली तार आहे. आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापूसपट्टीत मी एकेकाळी एका घराची भिंत गायला लावली होती, खोटं नाही सांगत!

मी जन्मले ती झाडूच्या काड्या बांधून ठेवण्यासाठी. केरकचऱ्यातच आयुष्य जायचं. पण दहा वर्षांच्या अर्लीनने मला सोडवलं आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणून बसवलं. माझ्याखाली तपकिरीची रिकामी बाटली सरकवली. तिकडची मुलं वाजवायला अशीच शिकतात. गिटार कुणाला परवडते? दुसरी बाटली ती माझ्यावरून फिरवी, की अख्खी लाकडी भिंत घुमे आणि आतल्या थाळ्या थरथरत.

झाडू मात्र कोरा करकरीत होता! अंगणभर काड्या पाहून तिची आई हेस्टर खवळली. "कार्टे, आता घर काय तुझ्या वेणीने झाडू?"

खरा राग झाडूचा नव्हता. हेस्टरचा धाकटा भाऊ तारेवर वाजणाऱ्या असल्याच गाण्यांच्या नादाने घर सोडून गेला, तो परतलाच नाही. लेकही तशीच जाईल, ही तिची भीती.

एका रविवारी हेस्टर चर्चमधून परतली, तर अर्लीन वाजवतच होती. देवाच्या दिवशी चर्चबाहेरची असली गाणी! मला तोडायला तिने पक्कडच उचलली. अर्लीन मला पाठीशी घालून उभी राहिली.

"नको ना गं आई! मामाचं गाणं आत्ता कुठे जमायला लागलंय."

"मामाचं? ते तुला कुणी शिकवलं?"

"तूच की. कापूस वेचताना गुणगुणतेस. एकदा विचारलं, तर मामाचं म्हणालीस."

हेस्टर पक्कड हातात घेऊनच पायरीवर बसली. म्हणाली, "वाजव बघू."

अर्लीनने वाजवलं. हेस्टरचे डोळे भरून आले. "तिथे घाई नको गं. तिथे तो जरा दम घ्यायचा." मग उठली, पक्कड उलटी धरली आणि माझा सैल झालेला खिळा ठोकून पक्का केला. त्या क्षणी मला जे वाटलं, ते कसं सांगू!

पुढे अर्लीन गायला शिकागोला गेली. निघताना आई एवढंच म्हणाली, "जा, पण मामासारखं करू नकोस." आणि अर्लीन दर नाताळला घरी येत राहिली, आई होती तोवर.

आता घर ओस पडलंय. माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. तुमची आई काम करताना काही गुणगुणत असेल, तर जवळ जाऊन बसा आणि विचारा, हे गाणं कुणाचं?