महाराजांच्या कानातलं भांडण

महाराजांना आयुष्यात एकही वाक्य स्वतःचं सुचलं नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. रंगभूमीवर जन्मभर राजेच केले, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणत. विंगेत बसून त्यांना वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरचं नाव पडलं होतं कुजबुजे. कुजबुजे जे पुटपुटत ते महाराज असं गर्जून सांगत की शेवटच्या रांगेत डुलक्या काढणाराही ताठ बसायचा. पुढे नाटकं थकली, महाराज राजकारणात शिरले आणि चक्क निवडून आले. कुजबुज्यांनाही बढती मिळाली. विंगेऐवजी स्टेजमागची कोंदट खोली, पुढ्यात माइक, स्टेज दाखवणारा एक छोटा पडदा आणि महाराजांच्या कानात मटारएवढं यंत्र. पद्धत मात्र जुनीच: कानात पडलं की तोंडातून बाहेर, मध्ये डोक्याचा थांबा नाही.

सध्या महाराज एकच विषय घेऊन फिरत होते. पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करू देणारा कायदा झालाच पाहिजे. भाषणं अर्थात कुजबुज्यांची. लोक डोळे पुसत आणि म्हणत, "महाराजांना या माणसांचं दुःख किती कळतं." महाराजांना काय आणि किती कळतं ते त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, चांगलंच ठाऊक होतं.

दुःख कळणारा माणूस मागच्या खोलीत बसलेला असे. कुजबुजे आणि नाटक कंपनीचे शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, अर्धं आयुष्य एका घरात राहत होते. कुणी विचारलं तर कुजबुजे सांगत, "मावसभाऊ आहे माझा." मावशी कुठल्या, असं पुढे विचारलं की त्यांना खोकला येई.

त्या दिवशी सकाळीही तेच झालं. सभेची पत्रकं वाटणाऱ्या एका मुलीने चहा देताना विचारलं, "हे कोण?" कुजबुज्यांच्या तोंडून सवयीने मावसभाऊ निघाला. महाराजांच्या कोटाचं बटण लावून झालं, मास्तरांनी दोरा दाताने तोडला आणि ते घरी निघून गेले.

दुपारी सभागृह खच्चून भरलं. भाषण अर्ध्यावर आलं असताना खोलीचं दार उघडलं. दारात मास्तर होते आणि त्यांच्या हातात सुटकेस होती.

"चाललो. ताईकडे," ते म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"आत्ता? भाषण चालू आहे."

"तेच ऐकत आलो. 'आपल्या माणसाला लपवून ठेवायची वेळ कुणावर येऊ नये.' छान लिहिलंयस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"अरे, ती पोरगी नवीन होती. तिला काय सांगणार?"

"ती पोरगी याच गोष्टीची पत्रकं वाटत होती. तिला नाही तर कुणाला सांगणार आहेस?"

दुसऱ्याच्या तोंडी शूर वाक्यं घालणारा हा माणूस स्वतः एक नंबरचा भित्रा होता, आणि हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं. कुजबुजे खाली मान घालून म्हणाले, "सुटकेस खाली ठेव. तुझं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही रे."

भिंतीपलीकडून गर्जना आली, "तुझं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही रे!"

दोघांनी एकदमच माइककडे पाहिलं. माइकचं बटण दाबून धरलं तरच आवाज जाई. कुजबुज्यांचा अंगठा दुखतो म्हणून मास्तरांनीच गेल्या आठवड्यात त्यावर कपडेपटातली चिकटपट्टी मारून दिली होती. बटण दाबलेलंच होतं. म्हणजे "आत्ता? भाषण चालू आहे" पासून कुजबुज्यांचं प्रत्येक वाक्य महाराजांच्या तोंडून बाहेर गेलं होतं.

पडद्यावर महाराज छातीवर हात ठेवून, डोळे भरून उभे होते. टाळ्यांनी सभागृहाचं छत हादरलं. एक पत्रकार खुर्चीवरच चढला. "महाराज, तो कोण आहे?" पहिल्या रांगेत वहिनी हाताची घडी घालून बसल्या होत्या. "माझा नवरा एवढं सुचणाऱ्यांतला नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या. महाराज मंद हसत पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

कुजबुज्यांना वाक्य तयार सुचलं होतं. 'हा माझ्या एका जुन्या नाटकातला उतारा होता.' झालं, सगळे सुटले असते.

मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखलं. "सुचलं ना काहीतरी? सांग त्याला," म्हणाले आणि सुटकेस उचलली.

कुजबुज्यांनी पट्टी खसकन ओढून काढली आणि ते खोलीबाहेर पडले. पडदा वर असताना ते कधीच स्टेजवर गेले नव्हते. दिवे थेट डोळ्यांत आले. महाराजांशेजारी उभं राहून त्यांनी तोंड उघडलं, तर जन्माच्या सवयीने कुजबुजच निघाली. "तो माझा मावसभाऊ नाही."

"तो माझा मावसभाऊ नाही!" महाराज गरजले.

"अहो, मी बोलतोय."

"अहो, मी बोलतोय!"

कुजबुज्यांनी सरळ महाराजांच्या तोंडावर हात दाबला. इतके मुकुट मिरवलेल्या माणसाला असं गप्प करायची कुणाची छाती झाली नव्हती. मग स्वतःच्या आवाजात, तो फाटत असतानाही, ते म्हणाले, "ती वाक्यं माझी होती. मागे एक शिंपी उभा आहे. तो माझा माणूस आहे. मी त्याला आयुष्यभर लपवलं आणि मला त्याची शरम वाटते."

कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी खुर्ची आपटून निघून गेलं. वहिनींनी टाळी वाजवली, ती मात्र खरी होती.

कुजबुजे वळले. विंगेत, जिथे ते स्वतः इतकी वर्षं बसत, तिथे मास्तर सुटकेसवर बसले होते. डोळे ओले होते, पण नजर शिंप्याचीच. ते हलकेच पुटपुटले, "मागून शिवण उसवलीय तुझ्या पँटची. घरी चल, शिवून देतो."

विंगेतून आलेलं वाक्य महाराजांनी कधी वाया घालवलं होतं? त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते अख्ख्या सभागृहाला ऐकवलं, शिवणीसकट. या वेळी कुजबुज्यांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला नाही.