सराव-खोलीतल्या आजोबांचा जळफळाट

मित्रांनो, नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर पडलेला तो माणसाएवढा रबरी पुतळा म्हणजे मी. माझ्यावर हात बसवून कितीतरी मुली नर्स झाल्या. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला तरणाबांड होतो. पण रोज कुणी ना कुणी अंग पुसायला शिकायचे. त्यात चेहऱ्याचा रंग उडाला आणि मला 'आजोबा' हे नाव चिकटले.

आमच्या मॅडमचा एक दंडक होता. मला हात लावण्याआधी मला सांगायचे. नव्या मुली तोंड दाबून हसत. मॅडम म्हणत, "हसून झालं? आता सांगा त्यांना." मग एखादी लाजत म्हणे, "आजोबा, तुम्हाला कुशीवर वळवते हं." एवढा मान त्या इमारतीत प्राचार्यांनाही मिळत नसे.

मग माझा वैरी आला, ऑनलाइन कोर्स. दूरच्या मुलींनाही शिकता यावे म्हणून मॅडमनी धडे चित्रित करायचे ठरवले. मला वाटले, नायक मीच. पण कॅमेरावाला मला पाहून म्हणाला, "यांचा चेहरा फारच उतरलाय हो. त्यापेक्षा उशा मांडा आणि वर चादर घाला." मॅडम घाईत होत्या, त्या हो म्हणाल्या. हात कुठे ठेवायचे, गुडघा कसा वाकवायचा, सगळे त्यांनी नीट दाखवले. पण उशांशी कोण बोलणार? त्यांनी उशा मुकाट्याने वळवल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना धड पाठ नाही की पोट नाही, त्या उशा माझ्या जागी! मुली माझ्याच पलंगाला टेकून मोबाइलवर धडे बघत आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसत. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी. शिपाईकाका एकदा डोकावून म्हणाले, "आजोबा, तुमची रवानगी आता अडगळीत." रोज सकाळी नेट बंद पडावे, एवढीच माझी इच्छा असे.

मुली वॉर्डात गेल्या. त्यांतल्या एकीने एका म्हाताऱ्या रुग्णाला हुबेहूब धड्यासारखे वळवले, एक शब्दही न बोलता. आपण पडतोय असे वाटून रुग्णाने पलंगाचा कठडा गच्च धरला. मनगट सोलवटले. मुलगी रडत मॅडमकडे आली. "मॅडम, मी सगळं कोर्ससारखंच केलं."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "कोर्समध्येच राहून गेलं ते."

खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या म्हाताऱ्या माणसाचे मनगट आठवले तेव्हा कुठे त्या थंडावल्या.

मॅडमनी धडा नव्याने केला, माझ्यावर, उतरलेल्या चेहऱ्यासकट. लांबलचक धड्याचे छोटे तुकडे पाडले. हात लावायची वेळ आली की चित्र थांबते. रुग्णाला काय सांगणार ते मुलीने स्वतः बोलून पाठवायचे, मगच पुढचा तुकडा उघडतो. शेवटी घरातल्या कुणावर तरी सराव करून त्याचे चित्रण पाठवायचे. आता मी पडद्यावरही आहे आणि पलंगावरही. वाटले, आता कुणाचा हेवा करायचे कारण उरले नाही.

परवा मॅडमनी दूरच्या एका मुलीने पाठवलेला सराव वर्गात दाखवला. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. ती म्हणाली, "बाबा, डाव्या कुशीवर वळवते. चालेल ना?"

ती हात न लावता उभी राहिली.

"थांब जरा," ते म्हणाले. "पाय अवघडलाय."

तिने आधी पाय सरळ केला. मग ते म्हणाले, "हं, वळव आता."

मित्रांनो, उशांवर जळलो नव्हतो तेवढा मी त्या वडिलांवर जळलो. आमच्या मुली मला सांगतात आणि लगेच वळवतात, कारण मी काय उत्तर देणार? शिका, माझ्यावर शिका, पडद्यावर शिका. पण खऱ्या माणसाला सांगून झाले की क्षणभर थांबा. त्याला 'थांब' म्हणता येते.