नारिंगी दिवा

मला घरी आणण्यात चष्मेवाल्यांचा फायदा काय होता, ते आधी मोजून सांगतो, मित्रांनो. मसुराच्या दाण्याएवढा एक नारिंगी दिवा. बस्स. बातम्या जुन्या रेडिओवरही लागत होत्या आणि गाणी शेजारच्या घरातून आपोआप येत होती.

मी एक जुना डिजिटल ट्यूनर आहे. माझं काम केंद्र पकडायचं. बोलायचं काम डावा आणि उजवा असे दोन स्पीकर करतात. एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. कोणी पोटात तारा जोडल्या, कोणी झाकण बसवलं, कोणी सगळे हिरवे आकडे एकदम पेटवून पाहिले. तेव्हापासून मला एका जागी चैन नाही. शोधायचं बटण दाबलं की मी आकड्यामागून आकडे पळत सुटतो आणि जिथं आवाज जोरदार तिथंच थांबतो. दुबळ्या केंद्रावरून सरळ पुढे निघून जातो. ही खोड पुढे अंगाशी आली, म्हणून आताच कबूल करून टाकतो.

चष्मेवाल्यांचं दुकान खाली, घर वर. दिवसभर ते गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवून काचा बदलत विचारायचे, "हे बरं की हे?" संध्याकाळी पाहुणा आला की त्याला दोन स्पीकरांच्या मधोमध खुर्चीत बसवायचे. खुर्ची हलू नये म्हणून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या होत्या.

"मान हलवू नका. डावीकडून बासरी, उजवीकडून व्हायोलिन. आलं ना?"

"मला तर सगळं सारखंच येतंय," वरच्या मजल्यावरचे काका म्हणायचे.

"दिवा बघा, दिवा. पेटलाय ना? मग स्टिरिओ आहे."

काका दिवा बघायचे आणि त्यांना लगेच वेगवेगळं ऐकू यायला लागायचं.

दिव्याशेजारी एक बटण होतं. ते आत दाबलं की डावं-उजवं एक होतं, त्याला मोनो म्हणतात, आणि दिवा विझतो. चष्मेवाल्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'हात लावू नये'.

"अहो, बटण दिलंय म्हणजे कशाला तरी दिलं असेल," चष्मेवाल्यांच्या बाई म्हणाल्या.

"मोनोच ऐकायचं होतं तर जुना रेडिओ काय वाईट होता?"

विषय संपला.

त्यांची एकुलती एक लेक दुकान सांभाळेल, असं चष्मेवाले धरून चालले होते. ती गेली दूरच्या गावी, एका छोट्या रेडिओ केंद्रात. त्यावरून बापलेकीचं बोलणं तुटलं. दोन महिने एकमेकांचे निरोप बाईंमार्फत चालले. मग एक दिवस तिचा फोन आला. बाईंनी रिसीव्हर कानापासून मुद्दाम जरा लांब धरला.

"आई, उद्या साडेसहाला मी पहिल्यांदा बातम्या वाचणार. दहा मिनिटं. संपलं की फोन करते. माझं काय चुकलं ते बाबा सांगतील का? नाहीच ऐकलं, तर तेही सांगू दे त्यांना. मी मग परत विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी सहालाच दुकान बंद केलं. एरवी ते आठशिवाय वर येत नसत. त्यांनी शोधायचं बटण दाबलं आणि मी सुटलो. लेकीच्या केंद्रावरून तीनदा पळालो, तीनदा तसाच पुढे गेलो.

"अहो, पळवू नका त्याला. तिनं आकडा दिलाय, एकेक सरकवत जा."

केंद्र लागलं. जोर दाखवणाऱ्या माझ्या पाच रेघांपैकी एक उजळली, तीही लुकलुकती. साडेसहा वाजले. पत्र्यावर वाळू ओतावी तसा खरखराट सुरू झाला. त्यात कुठंतरी एक मुलगी बोलत होती. नारिंगी दिवा पेटत होता, विझत होता.

चष्मेवाल्यांनी एरियलची तार खिडकीला लावली, पडद्याच्या दांडीला लावली, शेवटी स्वतः हातात धरून स्टुलावर चढले.

"आता?"

"नाही."

"आता?"

"आता होतं थोडं. तुम्ही हललात."

मिनिटं चालली होती. आवाज कमजोर, तो डावा-उजवा फाडला की उरते ती खरखर, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण स्वतःचं बटण स्वतः दाबायची सोय माझ्यात कुणी केलेली नव्हती.

बाईंनी चिकटपट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं.

"अगं, दिवा जाईल."

बाईंनी पट्टी ओढून बटण दाबलं. दिवा गेला. खरखर खाली बसली आणि पुलाच्या दुरुस्तीची बातमी स्वच्छ ऐकू आली, लेकीच्या आवाजात. बाईंनी बटण सोडलं, पुन्हा वाळू. पुन्हा दाबलं.

"हे बरं की हे?" त्यांनी विचारलं.

आख्ख्या गावाला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"हे," चष्मेवाले म्हणाले. खाली उतरले आणि माझ्यापुढे जमिनीवरच बसले. खडूच्या खुणांमधली खुर्ची रिकामी राहिली.

फोन वाजला तो त्यांनीच उचलला.

"बाबा? ऐकलंत?"

"सहा मिनिटं ऐकलं. पहिली चार माझ्या हट्टापायी गेली."

"मग? काय चुकलं?"

"आकडे घाईनं वाचतेस. बाकी काही सापडलं नाही."

"पहिल्या चारांत दोनदा अडखळले होते."

"ते कोणी ऐकलं? मी तर नाही."

पलीकडे ती हसली. मग बापलेक इतका वेळ बोलत बसले की शेवटी बाईंनी हातातून रिसीव्हर मागून घेतला.

तीच चिकटपट्टी चष्मेवाल्यांनी परत लावली, पण आत दाबलेल्या बटणावर. 'हात लावू नये' तसंच राहिलं. काकांनी विचारलं, "दिवा गेला वाटतं?"

"गेला नाही. घालवला."

आता लेकीचं केंद्र मोबाइलवरच लागतं. मी दुकानातल्या कपाटावर आहे, चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांमागे, तार गुंडाळलेला. आकड्यांमागे पळायची हौस अजून जिरलेली नाही. वीज मात्र नाही. तुमच्या घरी असं एखादं यंत्र असेल, मित्रांनो, तर त्याची धूळ पुसा, तार मोकळी सोडा आणि प्रत्येक बटण एकदा तरी दाबून बघा. कशासाठी दिलंय ते दिव्याला विचारू नका, कानाला विचारा.

राहिला हिशेब. लेकीला बाप मिळाला. बाईंची निरोप पोचवण्यातून सुटका झाली. चष्मेवाल्यांची चार मिनिटं गेली. बाकी सगळं माझ्या नारिंगी दिव्यानं भरलं. त्या संध्याकाळनंतर तो एकदाही पेटला नाही.