अंबूबाईचा हंडा

अंबूबाई सकाळी गेली, तेव्हा घरात तांब्याभरच पाणी होतं.

तिच्या सुनेला, मोतीबाईला, रडू येईना. सासूला शेवटची आंघोळ घालायची तर हंडाभर पाणी आणायचं कुठून, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. दारात नळ होता की! नवाकोरा, निळ्या पाइपाचा. त्याला शेरडं बांधलेली असायची.

तिच्या नवऱ्याने, गजाने, पंचायतीतल्या साहेबाला फोन लावला. "साहेब, टँकर पाठवा. आय गेली माजी."

"तुमच्या वाडीत घरोघरी नळ आहे. मग टँकर मिळत नाही."

"नळ हाय, पानी नाय ना!"

"फोटो आहे माझ्याकडे. चांगलं पाणी येतंय त्यात."

फोटो होता, हे खरं. टाकीत टँकर ओतून एकच दिवस नळ सोडले, त्या दिवशीचा. त्यात ठेवणीतलं लुगडं नेसून नळाखाली ओंजळ धरलेली, बोळकं पसरून हसणारी अंबूबाईच होती. पाणी आलं या आनंदात तिने पाणी मिळाल्याच्या कागदावर अंगठाही दिला होता. इतकं भोळं असू नये माणसाने.

मोतीबाई ओहोळात खणलेल्या डवऱ्यावर गेली. खाली पळसदरीचं धरण चमकत होतं; ते पाणी वाडीसाठी नव्हतं. तिने तिकडे पाहिलं नाही. डवऱ्यात पाणी वाटीवाटीने झिरपायचं, म्हणून रांगेत हंडे ठेवून नंबर लागायचे. कोणी मधे घुसली तर अंबूबाई तिचा सात पिढ्यांसकट उद्धार करी. रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकताच सुनेला तिचा एकच सवाल, "नंबर लावलास का गं?"

अंबूबाईचा पोचे पडलेला हंडा कालपासून रांगेत सातवा होता. शेजारच्या सुनीताने तो उचलून पुढे ठेवला.

"नको गं, शिव्या घालंल ती," मोतीबाई बोलून गेली.

कोणी हसलं नाही. सगळ्या बायकांनी मिळून तो हंडा भरला. त्याला दुपार झाली.

आंघोळ अर्ध्या हंड्यात उरकली. उरलेलं पाणी मोतीबाईने प्यायला माठात ओतलं. तिला लाज वाटली, पण ओतलं.

पुरुष अंबूबाईला घेऊन गेले. संध्याकाळी मोतीबाईने रिकामा हंडा नेऊन रांगेच्या शेवटी ठेवला. उद्या पाणी लागणारच होतं. परत येऊन तिने उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि रोजच्यासारखं सांगितलं, "लावला गं आय, नंबर."