फळीवरचे तीन पट्टे

थेंबभर मशीनचं तेल. खोक्यात उताणं पडलेलं शिलाई मशीन. पट्टा न सोडलेली बॅग. गाडीच्या काचेवर गोल गोल फिरणारं फडकं. वहिनीच्या केसांत लाकडाचा भुसा.

वहिनीनं भुसा झटकला आणि उरलेल्या लाकडाचा तुकडा धाकटीपुढे सरकवला. त्यावर तीन पट्टे होते: मेणाचा, जवसाच्या तेलाचा आणि पीयूचा, म्हणजे पक्क्या चकचकीत पॉलिशचा. गॅरेजच्या भिंतीलगत कोरी फळी बसवून झाली होती. नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आलेली धाकटी आता तिच्यावर शिलाई मशीनं दुरुस्त करणार होती.

"मेणच लावू," धाकटी म्हणाली. "पुढे कधी घासलं की निघतं. फळी पुन्हा तुमच्या कामाची."

वहिनीनं मेणाच्या पट्ट्यावर टाकलेला मशीनच्या तेलाचा थेंब पुसला. खाली काळा डाग मुरला होता.

"चार दिवसांत फळीचा तवा होईल."

"मी कागद अंथरीन."

"पीयू दिलं की दहा वर्षं बघायला नको," गाडीआडून दादा म्हणाला. "पण धूळ उडता कामा नये. तीन हात द्यायचे, वर आठवडाभर वाळायला. गाडी बाहेर काढावी लागेल."

"उन्हात? नको, दादा."

"बायको उन्हात उभी राहिली तर चालते," वहिनी म्हणाली. "गाडीचा रंग उडायला नको."

दादा हसला. वहिनी हसली नाही. ती धाकटीकडे वळली.

"किती दिवसांसाठी हवीय फळी, ते सांग."

धाकटीनं मशीनचा एक स्क्रू उचलला, अंगठ्यावर फिरवला.

"खोली मिळेपर्यंत."

"किल्ली द्या हो," वहिनी नवऱ्याला म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी मागे मागे सरकत बाहेर गेली. धाकटीनं मेणाचा डबा उघडला, त्यात चिंधी बुडवली. पहिला हात फिरवणार, तोच वहिनी परत आली आणि तिनं चिंधी काढून घेतली.

"काय वन्सं, ब्रश धरता, का मेण चोळत बसता?"

धाकटीनं ब्रश घेतला. मेणाच्या डब्याला झाकण लावलं.

"गाडी कुठे लावलीस?" दादानं विचारलं.

"झाडाखाली."

"वर कावळे आहेत अगं! बरं, आठवड्याचाच प्रश्न आहे."

वहिनी ओल्या फडक्यानं फळीवरची धूळ टिपत राहिली.

गाडीवर घालायचं कव्हर तिनं फळी आणली त्याच दिवशी घेतलं होतं.